मागची चाकं आणि काळी माती

गाडी घसरली म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कितीवर होता? म्हणजे घसरणाऱ्याने फास्ट चालवली असणार हे आधीच ठरलेलं, फक्त आकडा ऐकायचा बाकी. धुळ्यात माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, त्यामुळे घसरलेल्या, आपटलेल्या, रिम वाकलेल्या गाड्या बघणं हे माझं रोजचं काम, आणि हा प्रश्नही मी रोज ऐकतो. गाडीवाला बिचारा सांगत असतो की अहो पन्नास-साठच्या वर नव्हतो, आणि आजूबाजूचे चहा पिता पिता एकमेकांकडे बघून मान हलवतात. मला ते आधीपासूनच पटायचं नाही, पण दिवाळीत दादाच्या गाडीत जे झालं त्यानंतर मात्र हा विषय डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, नाशिकला असतो, त्याने मागच्या वर्षी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, दोन सीटची, इंजिन पाठीमागे म्हणजे सीटच्या मागे पण मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या पुढे, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. दिवाळीला तो ती घेऊन आला तेव्हा गल्लीतली पोरं रात्री अकरापर्यंत गाडीभोवती होती, आणि माझी आई त्या गाडीला औक्षण करून मोकळी झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पारोळ्याहून अमळनेरला मावशीकडे फराळाचे डबे पोचवायचे होते तर दादा म्हणाला, "तू चालव रे, तुला टायर कळतात, मला सांग मागून कशी वाटते." मला हेच पाहिजे होतं.

ज्यांनी अशी गाडी चालवली नाही त्यांना एक सांगतो. साध्या गाडीत तुम्ही गाडीवर बसता, हिच्यात तुम्ही गाडीच्या आत, जवळजवळ दोन्ही ॲक्सलच्या मधोमध, जमिनीला चिकटून बसलेले असता, पाय समोर लांब केलेले आणि कंबर सीटमध्ये घट्ट धरलेली. त्यामुळे मागची चाकं काय करतायत ते डोळ्यांना कळायच्या आधी कंबरेला कळतं. रस्त्यावरचा खडा, डांबराचा जोड, ठिगळ, सगळं खालून वर येतं. मागे काय चाललंय ते आरशात दिसत नाही, आरशात फक्त मागचा रस्ता दिसतो, चाकाखालची पकड कुठल्याच आरशात दिसत नाही. ती बुडाला कळते.

आभाळ स्वच्छ, पाऊस जाऊन बरेच दिवस झालेले, रस्ता कोरडा. दोन्ही बाजूंना कपाशी, काही शेतांमध्ये मका काढून रोटाव्हेटर मारलेला, हरभऱ्याची तयारी. उजवीकडे जाणारं एक लांबट वळण आलं, वेग साठच्या आतबाहेर, चौथा गिअर, गाडी अगदी शांत. वळणाच्या मध्यावर स्टेअरिंग अचानक हलकं पडलं, एवढंसंच, जणू कोणी एका क्षणापुरता टायरांना रस्त्यावरून उचललं, आणि लगेच परत जड झालं. मी म्हणणार होतो की दादा हे बघ काहीतरी... तेवढ्यात मागची बाजू डावीकडे गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उंच गेलेल्या झोक्यावर बसलेल्याला कोणी मागून आडवं ढकलावं ना, अगदी तसं. पोटात खड्डा पडला. समोरचा रस्ता काचेतून बाजूला सरकायला लागला आणि गाडीचं तोंड थेट समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये वळलं.

माझे हात डावीकडे गेले, म्हणजे ज्या बाजूला मागची चाकं पळत होती त्याच बाजूला, आणि डोळे पुढे जिथे जायचंय तिथे, लांबच्या कडुनिंबाकडे. तेवढ्यात पुढच्या डाव्या चाकातून कर्रर्र असा आवाज, आणि डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला. ब्रेकला मी हात, म्हणजे पाय लावलेला नव्हता, तो ब्रेक गाडीने स्वतः लावला. मग मागची बाजू झटक्यात परत आली, उजवीकडे थोडी जास्तच गेली, स्टेअरिंग परत तिकडे, आणि मग सरळ. पुढे साईडपट्टीवर बाभळीच्या फांद्यांच्या अलीकडे गाडी उभी केली. फराळाचा एक डबा दादाच्या पायाशी उघडा, शेव सगळी मॅटवर. समोरून कोणी येत नव्हतं. हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनात म्हटलंय.

दादाचा चेहरा पांढराफटक. त्याचं पहिलं वाक्य, "टायर गेले वाटतं मागचे." आणि खरं सांगायचं तर टायरवाला म्हणून माझ्याही मनात तेच आलं होतं, पण गाडीतून उतरून मागच्या चाकाशी वाकलो आणि बघितलं तर टायरची नक्षी कुठे दिसतच नव्हती. सगळ्या खाचा काळ्या मातीने भरलेल्या, वरून पाणी चोपडलेलं, टायर गुळगुळीत झालेला. स्क्रू ड्रायव्हर गाडीत नव्हता म्हणून चावीने एक खाच उकरली, मातीची लांब ओली पट्टी निघाली, खाली रबर चांगलं, खोली भरपूर. टायरच्या बाजूला तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ते बघितले, टायर तसे ताजे होते. नुसती नक्षी बघून टायर चांगला म्हणू नका हे मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, कारण अशा हौशी गाड्या उभ्याच जास्त असतात, नक्षी घासायच्या आधी रबर वाळून कडक होतं. पण इथे रबरही मऊ होतं. टायरचा काही दोष नव्हता.

चालत मागे गेलो. वळणाच्या आतल्या बाजूला शेताची वाट रस्त्याला मिळत होती. दोन दिवसांपूर्वी तिथून ट्रॅक्टर ओलं शेत तुडवून बाहेर आलेला, चाकांच्या खाचांतली ढेकळं डांबरावर पडलेली, मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी ती दाबून दाबून पातळ थर केलेला, डांबराच्या रंगाचाच, वेगळा दिसूच नये असा. आणि शेताकडेच्या पाईपाच्या जोडातून रात्रभर पाणी पाझरून बरोबर त्याच थरावरून पलीकडे गेलेलं. एवढंच. चार-पाच पावलांचा पट्टा. त्याच्या अलीकडे कोरडा रस्ता, पलीकडे कोरडा रस्ता.

खांद्यावर फावडं घेऊन एक आबा बांधावरून आले, रात्रभर पाणी भरत होते बिचारे, डोळे लाल. "काय व्हयनं रे भाऊ? लागनं का काही?" मी म्हटलं नाही आबा, गाडी घसरली. तर ते म्हणाले, "आठे काल बी दूधवाला पडना. लाईन रातनी ऱ्हास, मंग रातलेच पानी भरनं पडस, काय करसूत." म्हणजे वीज रात्रीची असते, म्हणून पाणी रात्रीच भरावं लागतं. दूधवाला पडला. काल. आणि गावात त्याला काय म्हणाले असतील ते मला माहितीये. कितीवर होता?

आता हे साठच्या वेगाला होतंच कसं, ते जरा नीट सांगतो, कारण इथेच लोकांचं गणित चुकतं. वळणावर गाडीला आत ओढून धरणारं बळ फक्त टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून येतं, आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो साधारण तळहाताएवढा. समजा वळणाची त्रिज्या 80 मीटर आहे आणि वेग ताशी 60 किमी, तर गाडीच्या वजनाच्या साधारण 35 टक्के एवढं बळ बाजूने लागतं. कोरडं चांगलं डांबर वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत सहज देतं, म्हणजे निम्मीसुद्धा पकड तुम्ही वापरत नाही, म्हणून गाडी शांत वाटते आणि ती खरोखर शांत असते. त्याच डांबरावर ओल्या काळ्या मातीचा थर आला की हातात राहतं 30 टक्के, कधी त्याहून कमी. लागतात 35, आहेत 30. झालं. वेग तोच, वळण तेच, ड्रायव्हर तोच. वेग वाढवला तर गरज वर्गाने वाढते, 80 ला त्याच वळणावर 60 टक्क्यांच्या वर जाते, म्हणून फास्ट चालवणं वाईटच, त्याबद्दल माझं काही दुमत नाही. पण कोरड्या रस्त्यावर 80 ने जाणारा त्या वळणातून निघून जातो आणि चिखलावर 60 वाला घसरतो, आणि गाव घसरणाऱ्यालाच नावं ठेवतं.

मग मागचीच चाकं का सुटली, पुढची का नाही? पुढची पण सुटली होती. ते स्टेअरिंग हलकं पडलं ना, तीच ती वेळ. पण पट्टा छोटा, पुढची चाकं तो ओलांडून कोरड्यावर गेली आणि त्यांना पूर्ण पकड मिळाली, तेव्हा मागची चाकं नेमकी चिखलात होती. दोन ॲक्सलमध्ये अडीच मीटर अंतर, साठच्या वेगाला ते पार व्हायला लागतात सेकंदाचे 15 शतांश. म्हणजे तोंडाला धरून ठेवलंय आणि मागचं सोडून दिलंय, गाडी फिरणारच. त्यात स्टेअरिंग हलकं लागलं की माणसाचा पाय ॲक्सिलेटरवरून आपोआप सुटतो, ते शरीराचं काम आहे, डोकं तिथे पोचतच नाही. पाय सुटला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, वरून इंजिनचा अडथळा या गाडीत फक्त मागच्याच चाकांना, म्हणजे जिथे पकड कमी तिथेच सगळं ओझं. आणि रुंद टायर. लोकांना वाटतं रुंद टायर म्हणजे जास्त पकड, कोरड्यावर ते खरंय, पण पातळ चिखलावर रुंद टायरचा दाब पसरतो, तो थर कापून खाली डांबरापर्यंत पोचत नाही, वरच तरंगतो.

दादा पुढे दोन दिवस म्हणत होता की या गाड्यांचं असंच असतं, मागून सुटतातच. त्यातही तथ्य आहे पण अर्धंच. पोर्शेच्या 911 या स्पोर्ट्स कारचं उदाहरण मी त्याला दिलं, 1963 ला लोकांसमोर आली, इंजिन थेट मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेलं. वळणात पाय सोडला की ते मागचं वजन बाहेर धावायचं. त्यांनी सुरुवातीला काय केलं तर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत 11-11 किलोचं ओतीव लोखंड बसवलं, नाक जड करायला. मग 1969 च्या मॉडेलला मागची चाकं 57 मिलिमीटर मागे सरकवली, म्हणजे वजनाचा तोल थोडा पुढे आला. आणि 1975 च्या टर्बोत 260 हॉर्सपॉवर, तीही टर्बोमुळे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे, उशिरा आणि एकदम येणारी, वळणाच्या मध्यावर आली की मागची बाजू गेलीच. साठ वर्षं इंजिनियर लोक एका गाडीची मागची बाजू जागेवर ठेवायला झटतायत, मला याचं फार कौतुक वाटतं, मनापासून. दादाच्या गाडीचं इंजिन मधोमध आहे, वजन मध्ये गोळा झालेलं, त्यामुळे ती सुटायला उशीर लावते पण सुटली की पटकन फिरते. पण गाडीचा स्वभाव फार तर सुटल्यावर कशी फिरेल ते ठरवतो. सुटली ती मातीमुळे.

आणि वाचलो कशामुळे? माझ्या हातांमुळे थोडं, आणि त्या कर्रर्र आवाजामुळे पुष्कळ. ती यंत्रणा म्हणजे ईएसपी, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्राम, घसरणारी गाडी सावरणारी, 1995 ला बॉश आणि मर्सिडीजने पहिल्यांदा एस क्लासमध्ये आणली. 1997 ला मर्सिडीजचीच छोटी ए क्लास स्वीडनमध्ये अचानक वळवण्याच्या चाचणीत उलटली आणि मग कंपनीने त्या गाडीत ती सरसकट दिली, तिथून ती साध्या गाड्यांपर्यंत उतरत आली. काम असं की स्टेअरिंग किती फिरवलंय ते एक सेन्सर बघतो, गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय ते दुसरा बघतो, आणि सेकंदाला 25 वेळा दोन्ही ताडून पाहतात. गाडी जास्त फिरायला लागली की वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक एकट्याने ब्रेक होतं आणि फिरणं रोखलं जातं. आमचं वळण उजवं, म्हणून आवाज डाव्या पुढच्या चाकातून. माणसाला चारपैकी एकच चाक ब्रेक करता येत नाही, कितीही मोठा ड्रायव्हर असो. काही लोक हौसेने ते बटण बंद करून चालवतात, मोकळ्या ट्रॅकवर ठीक आहे, पण आपल्याकडच्या रस्त्यावर ते बंद करू नका, हात जोडून सांगतो.

पण मला सतत आठवतो तो दूधवाला. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना किटल्या, त्यात डुचमळणारं दूध, पहाटेची थंडी, आणि दोनच चाकं. 2019 पासून नव्या 125 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, चांगलंच झालं, पण एबीएस ब्रेक दाबल्यावर काम करतं, वळणात मागचं चाक आडवं सरकलं तर ते काय करणार. आमच्यासाठी सेकंदाला 25 वेळा गणित करणारं यंत्र होतं, त्याच्यासाठी त्याचा गुडघा होता. आबांकडून त्याचं गाव कळलं म्हणून परत येताना भेटून आलो. गुडघा आणि कोपर सोललेलं, ओसरीत बसला होता, बायको म्हणाली, "सांगून सांगून थकले, हळू चालवा म्हणून." तो काही बोलला नाही. मी त्यांना म्हटलं, ताई, मी चार चाकांवर आणि तुमच्या धन्याने आयुष्यात बघितले नसतील एवढ्या रुंद टायरांवर तिथेच घसरलो, आणि मी हळूच होतो. तेव्हा तो पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "तिसाच्या वर नव्हतो हो."

माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक घसरलेल्या गाडीवाल्याला मी कितीवर होता विचारत नाही, कुठे घसरलास आणि कोणता महिना, हे विचारतो. कारण आपल्या खान्देशात रस्त्याची पकड महिन्यागणिक बदलते. जूनचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, कारण आठ महिन्यांची धूळ, सांडलेलं ऑइल आणि टायरचा झिजलेला रबर सगळं एकदम वर येतं, मग दोन-चार मोठे पाऊस झाले की रस्ता धुऊन निघतो आणि उलट बरा होतो. मका निघाला की लोक निम्म्या रस्त्यावर वाळत घालतात, दाणे पसरतात. रावेर-सावद्याकडे केळी भरतात तिथे ट्रकमध्ये खाली-वर टाकायचा केळीचा पाला रस्त्यावर सडतो, त्याचा लगदा चिखलापेक्षा वाईट. घाटात, म्हणजे लळिंगला, टाकी काठोकाठ भरलेल्या ट्रकचं डिझेल वळणावर हिंदकळून सांडतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की डांबर पाघळून वर येतं आणि चकाकतं, त्या चकाकीवर नक्षी असून नसल्यासारखी. आणि दिवाळी ते संक्रांत ही काळी माती.

ही माती साधी नाही. काळ्या खडकाची झीज होऊन बनलेली, तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हिच्या जिवावर कपाशी उभी राहते, आपलं सगळं घर चालतं, पायाला चिकटली की निघत नाही. डांबरावर हिचा पातळ ओला थर म्हणजे पकड संपली. मातीला दोष देणारा मी कोण, आणि रात्रभर जागून पाणी भरणाऱ्या आबांना तरी कसा देऊ. पण रस्त्यावर आलेली माती ही कोणाचीच जबाबदारी नसते हे मला मान्य नाही. ट्रॅक्टरवाला म्हणतो शेतातून निघालो म्हणजे चाकाला लागणारच. खरंय. पण शेताच्या तोंडाशी वीस-पंचवीस फूट जाड मुरूम टाकला तर चाकांतली बरीचशी ढेकळं त्याच्यावरच गळून पडतात, डांबरापर्यंत येत नाहीत, आणि जी येतात ती संध्याकाळी फावड्याने ओढली तर थर बनत नाही. मोठ्या शहरात बांधकामाच्या साईटवर खडी टाकून, चाकं धुऊन ट्रक बाहेर सोडतात, त्यातलाच हा प्रकार, गावच्या खर्चात बसणारा.

आबांशी बोललो. त्यांचा मुलगा आधी जरा तापला, म्हणाला रस्ता आमच्या बापाचा आहे का. बरोबर आहे त्याचं, पिकाचा भाव काय मिळतो ते मला माहितीये. मग मी त्याला दूधवाल्याचं सांगितलं, तर तो त्याच्या शाळेतला निघाला. पाईपाचा जोड त्याने त्याच आठवड्यात बदलला. मुरमाच्या ट्रॉल्या दादाच्या पैशाने पडल्या, दादाने स्वतःहून दिले, गाडीचं काही म्हणता काही नुकसान झालं नव्हतं. मी नंतर त्या वळणावरून मोटरसायकलने जाऊन आलो, तोंडाशी मुरमात ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल ठसे आणि ढेकळांचा ढीग, डांबर मात्र करडं आणि कोरडं.

तिथून अमळनेरपर्यंत वळणावर उघडणाऱ्या अशा अजून बऱ्याच वाटा आहेत, मी फोटो काढून ठेवलेत. पुढच्या गावच्या सरपंचांना दाखवले, ते म्हणाले मुरूम गावतळ्याच्या खोदाईतला देऊ, वाहतुकीचं तुम्ही बघा. ट्रॅक्टर मामांचा आहे, डिझेल मी टाकतोय. ज्यांची शेतं त्या रस्त्याला लागून आहेत त्यांनी फक्त आपल्या वाटेचं तोंड किती रुंद आहे तेवढं मोजून दुकानावर येऊन सांगा, पेरणीच्या आधी टाकून होईल.